देवमाणूस बघा, पण सुई कुणाच्या हातात आहे तेही बघा

या वर्षावासात आमच्या नाशिकरोडच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालू होते. एका संध्याकाळी अंगुलिमालाचे प्रकरण आले. वाचणारी मुलगी बारावीतली, आवाज खणखणीत. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर, भीतीने ओस पडलेली गावे, आणि त्याच वाटेने एकटे निघालेले तथागत. बाया श्वास रोखून ऐकत होत्या. वाचन संपले, खीर वाटायला सुरुवात झाली, तेवढ्यात कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, "हा तर आपला देवमाणूसच झाला की गं!"

हशा पिकला. मग अंगुलिमाल बाजूला राहिला आणि अर्धा तास 'देवमाणूस' मालिकेचीच चर्चा. कुणाला कुठला खून आठवत होता, कुणाला सरू आजीच्या म्हणी तोंडपाठ. विहाराचे एक कार्यकर्ते दादा जरा नाराज झाले. "चळवळीच्या घरात असला कचरा बघू नये," म्हणाले. बाया गप्प झाल्या, पण पटले कुणालाच नाही. आम्हालाही नाही. कारण आम्हीही ती मालिका बघितली आहे, आणि आवडीने बघितली आहे. आरोग्याच्या पानावर हे कबूल करायला संकोच वाटायचे कारण नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२० ला ही मालिका सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत रोज रात्री चालली. किरण गायकवाड यांनी त्यात डॉक्टर अजितकुमार देव उभा केला. हसतमुख, गोड बोलणारा, पैसे नसले तरी तपासणारा, रात्री-बेरात्री धावून येणारा. गाव त्याला देवमाणूस म्हणते. आणि हा देवमाणूस बायकांना नादी लावतो, लुबाडतो आणि मारून टाकतो. त्याचे डॉक्टर असणेही खोटेच. पुढे दुसरा भाग आला, २०२५ मध्ये तिसरा आला. म्हणजे बघणारे थोडेथोडके नाहीत.

आता विचार करा, ही मालिका घराघरात शिरली ती कोणत्या वर्षी? करोनाच्या. बाहेर कामे बंद, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून कंत्राटी पोरांना घरी पाठवलेले, धुण्याभांड्याची कामे सुटलेली. रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी. त्यातच २१ एप्रिल २०२१ आला. आपल्या शहरातल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि २२ रुग्ण दगावले. त्या दिवशी नाशिकच्या प्रत्येक वस्तीत चुली उशिरा पेटल्या असतील. आणि तरीही रात्री साडेदहाला अनेक घरांत टीव्ही लागला, देवमाणूस लागला. आम्हाला तेव्हा स्वतःचाच राग आला होता. दिवसभर मरण बघायचे आणि रात्री पुन्हा मरणच बघायचे?

नंतर लक्षात आले. बाहेरच्या मरणाला चेहरा नव्हता. कुणाला पकडायचे, कुणाला जाब विचारायचा, कळत नव्हते. पडद्यावरच्या मरणाला मात्र नाव होते, चेहरा होता, आणि आज ना उद्या तो सापडेल याची खात्री होती. भीतीला एक खुंटी मिळाली की माणसाला बरे वाटते. यात काही विकृत नाही.

शरीराचे म्हणाल तर भीतीच्या प्रसंगी छाती धडधडते, हाताचे तळवे ओले होतात, श्वास वाढतो. समोर खरा वाघ असो की टीव्हीवरचा डॉक्टर, शरीराची पहिली उडी सारखीच असते. फरक एवढाच की मेंदूला ठाऊक असते, आपण आपल्या बाजेवर बसलोय, मांडीवर नातू झोपलाय. प्रसंग संपला की सगळे सैल पडते, आणि त्या सैल पडण्यातच मजा असते. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. ज्यांना झोप लागत नाही, ज्यांच्या छातीत आधीच दुखते, आणि ज्या बाईने घरात किंवा बाहेर खरी मारहाण, खरा अत्याचार सोसला आहे, तिने मात्र झोपायच्या तोंडावर असले बघू नये. तिच्यासाठी ती करमणूक राहत नाही. घरच्यांनी तिला "त्यात काय घाबरायचं" म्हणून हसू नये, चॅनेल बदलावे. एवढे साधे आहे.

पण त्या संध्याकाळी विहारात जे बोलणे झाले त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते, ते आम्हाला खुपले. "त्या बायाच येड्या. कळत कसं नाही त्यांना?" मालिका बघताना आपल्याला सगळे ठाऊक असते. डॉक्टरच्या बॅगेत काय आहे, तो दार का लावतोय, त्याने मघाशी फोन कुणाला केला. समोरच्या बाईला ठाऊक नसते. या दोहोंच्या मधल्या अंतरातून थरार तयार होतो. आपण तिच्यापेक्षा शहाणे होऊन बसतो, आणि ते सुख इतके गोड असते की तिचा कळवळा येण्याऐवजी तिचा राग येतो. आमचे म्हणणे असे की बाजेवर बसून मिळालेले हे शहाणपण दवाखान्याच्या पायरीवर उतरून जाते. तिथे आपणच ती बाई असतो.

कारण ही गोष्ट रचलेली असली तरी तिचे मूळ खरे आहे. साताऱ्याच्या वाई तालुक्यातले धोम गाव. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या एका शेतातल्या घराजवळ पुरलेले मृतदेह पोलिसांनी बाहेर काढले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. आरोपी संतोष पोळ, डॉक्टर म्हणवून घेणारा. २००३ पासून १३ वर्षांत सहा खून केल्याचा आरोप पोलिसांनी त्याच्यावर ठेवला. सहांपैकी पाच बाया. बेशुद्ध पाडून मारण्यासाठी इंजेक्शन वापरल्याचे तपासात पुढे आल्याच्या बातम्या होत्या. ते औषध मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ वापरतात. स्नायू ढिले करणारे. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून शेजारी श्वास देणारे यंत्र आणि ते चालवणारा माणूस असल्याशिवाय त्याची बाटली उघडायचीसुद्धा नसते.

तेव्हाच्या बातम्या नीट आठवून बघा. त्या पाच बाया येड्या होत्या का? शेवटची बाई अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची नेता होती, मोर्चे काढणारी, अधिकाऱ्यांपुढे उभी राहणारी. एक तर आमच्याच पेशातली, परिचारिका. या बायांना इंजेक्शन म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्या फसल्या कारण समोरचा माणूस गावात वजनदार होता. भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी करायचा, पोलिसांविरुद्धही करायचा, त्यामुळे पोलीसही त्याच्या वाटेला जायला कचरत होते. चांगुलपणाचा असा अंगरखा घातला की बटणे कुणी तपासत नाही.

आणि १३ वर्षे! त्या १३ वर्षांत एक एक माणूस हरवत होते. घरच्यांनी शोधले असेल, पोलीस ठाण्यात 'बेपत्ता' म्हणून कागद झाला असेल. त्यापुढे काय? गरिबाघरची, एकट्या राहणाऱ्या बाईचा कागद म्हणजे "गेली असेल कुणाबरोबर" एवढ्या एका वाक्यात मिटणारा. शेवटची बाई जून २०१६ मध्ये हरवली तेव्हा मात्र गवगवा झाला. ती संघटनेची होती, तिच्यामागे विचारणाऱ्या बाया होत्या. त्या एका तपासातून मागचे खून उघड झाले. मालिकेत खुनी पकडायला तडफदार पोलीस अधिकारी आणावी लागते. वाईत आधी एका बाईच्या माघारी विचारणा झाली आणि मग तो सापडला. आम्हाला ही गोष्ट मालिकेपेक्षा मोठी वाटते, आणि ती मालिकेत नीट आली नाही याचे वाईट वाटते. आपल्या वस्तीतली बाई दोन दिवस दिसली नाही तर "गेली असेल" म्हणू नका. पोलीस ठाण्यात घरच्यांबरोबर चार-पाच जणी जा, नोंदीची प्रत हातात घेऊन परत या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जा.

वाईच्या त्या प्रकरणात आणखी एक बाई होती, तिच्याबद्दल आम्ही अनेकदा विचार करतो. आरोपीसोबत काम करणारी परिचारिका. तिलाही अटक झाली आणि पुढे ती माफीची साक्षीदार झाली. बातम्या वाचून आमच्या काही मैत्रिणी म्हणाल्या, "नर्सच्या नावाला बट्टा लावला." आम्ही मान हलवली खरी, पण रात्री झोप लागली नाही.

कारण असे. डिप्लोमा हातात आला तेव्हा आम्हाला सरकारी नोकरी मिळाली नाही. एका छोट्या खासगी दवाखान्यात लागलो. पाटीवर डॉक्टर, भिंतीवर काचेत लावलेला कागद, टेबलावर लक्ष्मीचा फोटो. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, आणि जवळपास प्रत्येकाला सुई. कागद कसला आहे हे आम्ही तीन वर्षांत एकदाही वाचले नाही. सर म्हणाले 'डेक्सा भर', आम्ही भरले. सर म्हणाले 'बाटली लाव', आम्ही लावली. बाहेरगावी गेले तर "तूच बघून घे" म्हणायचे, आणि आम्ही बघून घेतले. तिथे कुणी मेले नाही, निदान आमच्या डोळ्यांदेखत नाही. पण एक चार वर्षांचे पोर तापाने आले होते. त्याला मांडीऐवजी कुल्ल्यावर, चुकीच्या जागी सुई दिली गेली. सुई आमच्याच हातातली होती. महिन्याने ते पोर पाऊल घासत चालताना दिसले. नसेला इजा झाली की असे होते. आईला वाटले तापामुळे झाले. आम्ही तिला खरे सांगितले नाही. सर डॉक्टर नव्हतेच हे पुढे ते गाव सोडून गेल्यावर कळले.

म्हणून मालिकेत तो डॉक्टर सिरिंज भरायला लागला की आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हाताकडे बघतो.

आपल्या वस्त्यांत सुई आणि सलाइन यांचा जो महिमा आहे तो या गोष्टीच्या मुळाशी आहे. गोळी दिली तर डॉक्टर कच्चा, सुई दिली तर पक्का, अशी आपली परीक्षा. ताकद येईना म्हणून दोनशे-तीनशे रुपये देऊन जी ग्लुकोजची बाटली आपण लावून घेतो, त्या अर्ध्या लिटरच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पाच चमचे. एका बाजरीच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे. जुलाब-उलट्यांनी माणूस पार कोरडा पडला असेल, तोंडाने काही ठरत नसेल, तेव्हा सलाइन जीव वाचवते हे खरे. अशक्तपणावर ते औषध नाही. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. त्याने ताप, अंगदुखी, दमा तासाभरात उतरल्यासारखा वाटतो आणि डॉक्टरचा हातगुण म्हणून नाव होते. पण आतला आजार झाकला जातो, साखर वाढते, आणि क्षय असेल तर तो आत पसरत राहतो. बोगस माणसाला नेमके हेच लागते. लगेच बरे वाटवायचे. देवमाणूस व्हायचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

'देवमाणूस' हा शब्दच बघा ना. माणूस चांगला वागला की आपण त्याला माणूस म्हणून ठेवत नाही, लगेच देव करून टाकतो. देव केला की प्रश्न संपले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल सावध केले होते. भक्तीने राजकारणात हुकूमशाही येते हे आपण पाठ केले, भाषणांत सांगितले. पण दवाखान्यात गेल्यावर पुन्हा हात जोडून बसलो. तथागतांनी कालामांना, कुणी मोठा आहे, गुरू आहे, म्हणून मानू नका असे सांगितले, ते विहारात ऐकायचे आणि डॉक्टरपुढे विसरायचे? "डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन कशाचं?" एवढा प्रश्न विचारायला आपल्या बाया घाबरतात. साहेब चिडतील म्हणून. जो चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असे आमचे मत.

कुणी म्हणेल, पदवी खरी असली की झाले. तेही नाही. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. पदवी खरी, दवाखाना खरा, म्हाताऱ्या बायांचा लाडका, घरी जाऊन तपासणारा. २००० मध्ये १५ बायांच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि नंतरच्या सरकारी चौकशीत मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. तोही इंजेक्शनच द्यायचा. तो सापडला कारण एका मृत बाईच्या मुलीने आईच्या नावाचे मृत्युपत्र बघितले आणि हे आईने लिहिलेले नाही म्हणून ती अडून बसली. तिथेही विचारणारी बाईच होती.

आता दुसरी एक गोष्ट, जी या मालिकांमुळे बिघडते असे आम्हाला वाटते. वस्तीतली पोरे मोबाईलवर देशीविदेशी खुन्यांच्या मालिका बघतात, आणि मग आपल्या गल्लीतल्या स्वतःशी बोलणाऱ्या, विस्कटलेल्या केसांच्या माणसाला 'सायको' म्हणून दगड मारतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मानसिक आजार असलेली माणसे क्वचितच कुणाचा जीव घेतात. त्यांच्यावरच लोक हात उचलतात, त्यांना कोंडतात, बांधतात, बुवाकडे नेऊन चटके देतात. त्यांना हवे असते ते औषध, झोप आणि घरातले कुणीतरी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येते. वाईच्या प्रकरणात पोलिसांनी सांगितलेली कारणे काय होती? पैसा, दागिने, आणि उघड होण्याची भीती. यात वेडेपणा कुठे आहे? हा तर सरळ हिशोब आहे.

आणि आपल्याला हे कुणी शिकवायला नको. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत जे झाले ते करणारे 'सायको' नव्हते. शेजारी होते, शेती करणारे, लेकराबाळांचे बाप होते. त्यांच्यावर मालिका निघत नाही, कारण अशा खुन्याला एक देखणा चेहरा देता येत नाही, आणि त्याच्या मागे उभे असलेले गाव पडद्यावर दाखवावे लागते. खुनी म्हणजे कुणीतरी वेगळा, एकटा, डोक्याने फिरलेला, ही समजूत फार सोयीची आहे. आमच्या घरातल्या पोरांना ती पटता कामा नये. अमेरिकेची 'डेक्स्टर' नावाची मालिका आहे, त्यात खुनी नायक फक्त वाईट माणसांना मारतो, म्हणून पोरांना तो हिरो वाटतो. आमच्या भाच्यालाही वाटतो. त्याला एवढेच विचारले, वाईट कोण हे ठरवणार कोण? आपल्या वस्तीत चोरी झाली की पोलीस आधी कुणाला उचलतात? तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मावशी, तू मालिका नीट बघू देत नाहीस." खरेच आहे ते.

लहान मुलांचे मात्र आम्ही कडक सांगतो. मालिका जोरात होती तेव्हा आमच्या गल्लीत पोरे 'देवमाणूस-देवमाणूस' खेळायची. एक डॉक्टर, एक पेशंट. एकदा जवळ जाऊन पाहिले तर डॉक्टरच्या हातात खरी सिरिंज, सुईसकट. कुठून आणली? दवाखान्याच्या मागच्या नाल्यातून. वापरलेल्या सुईने कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही एका टोचणीत होऊ शकतो. असे कधी टोचले तर जखम पिळत बसू नका, साबणपाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला जा. काही औषधे ७२ तासांच्या आत सुरू केली तरच उपयोगी पडतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. आणि जो दवाखाना सुया नाल्यात टाकतो, त्याच्याबद्दल आपल्याला आणखी काय कळायचे राहिले?

त्या संध्याकाळी विहारात आम्ही आजींना म्हणालो, अंगुलिमाल आणि देवमाणूस यांच्यात एक फरक आहे. अंगुलिमालाचे खून कसे झाले हे आपल्या ग्रंथात कुणी रंगवून सांगितलेले नाही. ती गोष्ट सुरू होते तिथे तो थांबतो. पाली सुत्तात पुढे असेही येते की भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला गेला की लोक दगड मारत, डोके फुटे, पात्र फुटे, आणि तथागत त्याला सांगत, सोस, हे तुझ्याच कर्माचे आहे. नुसते चीवर घातले म्हणून मागचे पुसले गेले नाही. आम्हाला मात्र त्यातला दुसरा प्रसंग फार जवळचा आहे. सावत्थीत त्याला एक अडलेली बाळंतीण दिसते. इतकी माणसे मारलेला हा माणूस तिच्या कळांनी कळवळतो, परत येऊन तथागतांना सांगतो, आणि तिच्यासाठी दोन चांगले शब्द घेऊन पुन्हा तिच्याकडे जातो. श्रीलंकेत आजही गरोदर बायांसाठी अंगुलिमालाचे परित्त म्हणतात. (म्हणा, पण बाई अडली असेल तर आधी १०८ ला फोन लावा, परित्त गाडीत म्हणा.) ज्या हातांनी मारले त्याच हातांच्या माणसाला बाळंतिणीची काळजी वाटावी, हा थरार आम्हाला अजून कुठल्या मालिकेत मिळालेला नाही.

हे सांगून झाले आणि आमच्यातल्या दोघी-तिघींच्या डोक्यात आले की, आपल्या वस्तीतल्या डॉक्टरांच्या पाट्या एकदा वाचून तर बघू. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहायचा असतो. एमबीबीएसवाल्याचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, बीएएमएसवाल्याचा भारतीय वैद्यक परिषदेचा, बीएचएमएसवाल्याचा होमिओपॅथी परिषदेचा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा डॉक्टर म्हणजे बोगस नव्हे, हे नीट समजून घ्या. ज्याची कुठेच नोंद नाही तो बोगस. तसा व्यवसाय करणे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार एकट्याने करू नका. महिला मंडळाच्या नावाने करा, पोच घ्या.

पोरींनी मोबाईलवर पाच पाट्यांचे फोटो काढले आणि क्रमांक शोधले. तीन बरोबर निघाले. त्यातले एक डॉक्टर तर बाहेर येऊन म्हणाले, "बरं केलं विचारलंत, आत या, प्रमाणपत्र दाखवतो," आणि चहा पाजला. चौथ्या पाटीवर क्रमांकच नव्हता. विचारल्यावर कंपाउंडर म्हणाला, सर नाहीत. आठ दिवसांनी गेलो तर पाटीच नव्हती, शटर खाली. पाचव्याचा क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर निघाला. त्याचा अर्ज आम्ही दिला आहे.

पुढच्या पौर्णिमेला विहारात हे सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. आजी मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या सुनेला आठवा महिना आहे आणि नातवाला दम्याचा त्रास. शटर पडलेला तो दवाखाना त्यांच्या घरापासून तिसरा. रात्री बारालाही दार ठोठावले की उघडायचा.

"ते सगळं खरं," आजी म्हणाल्या, "पण आता रात्री पोराला धाप लागली तर मी कुठं जाऊ? बिटकोपर्यंत रिक्षावाला रात्रीचे दीडशे घेतो."

त्यावर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आता दोन अर्ज गेले आहेत. एक त्या पाचव्या पाटीचा, आणि दुसरा वस्तीतले महापालिकेचे आरोग्य केंद्र रात्रीही उघडे ठेवावे म्हणून. दुसऱ्या अर्जावर आजींचा अंगठा पहिला आहे.